थवा जुनंच मत धरून बसतो, बदल ऐकतच नाही: काय तपासायचं, काय बदलायचं

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. तीस-चाळीस छोटे रोबो, रिंगणात एक लाल जागा आणि एक निळी. प्रत्येक रोबो फिरतो, जागा जोखतो, आपलं मत आसपासच्यांना सांगतो आणि त्यांचं ऐकतो. वरून हुकूम सोडणारं कोणी नाही. सुरुवातीला लाल जागा चांगली ठेवलेली असते, आणि थोड्या वेळात सगळा थवा लाल होतो. व्हिडिओ काढून होतो, गाइड खूष होतात. मग कोणीतरी लालची किंमत उतरवून निळीची वाढवतं आणि थवा ढिम्म हलत नाही. एखाददुसरा रोबो निळा होतो आणि लगेच पुन्हा लाल.

यावर जो तो तेच इलाज करतो. मेसेज दुप्पट वेगाने पाठवायचे, इन्फ्रारेड एलईडीचा करंट वाढवायचा, चार रोबो जास्तीचे टाकायचे. पहिले पाढे पंचावन्न. उलट आधी अधूनमधून निळे होणारे रोबो असायचे, तेही आता दिसेनासे होतात.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: रोबोंचं बोलणं वाढवू नका, कमी करा. एका रोबोला एका वेळी एक-दोन शेजारीच ऐकू येतील इतका पल्ला आखडा. पण याच लक्षणामागे इतरही बिघाड लपलेले असतात आणि पल्ला आखडून ते जात नाहीत. म्हणून आधी थोडी झाडाझडती.

अडलाय की फाटलाय?

सगळ्यात आधी हे बघा की थवा जुन्या मतावर एकजुटीने अडलाय, की अर्धा लाल अर्धा निळा असा फाटून बसलाय. वरवर दोन्हीला 'निर्णय होत नाही' असंच म्हटलं जातं, पण इलाज वेगळे आहेत.

फाटलेल्या थव्याचं उत्तर मधमाश्यांकडे आहे. नवं घर शोधताना टेहळ्या माश्या आपापल्या जागेसाठी नाचतात. थॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन एक छोटा गुंजारव करतात. अशा ढुश्या बसत गेल्या की तिचा नाच थांबतो. दोन जागा तोडीस तोड असल्या तरी त्यामुळे पेच सुटतो. रोबोत हे आणायला सोपं आहे: विरुद्ध मत कानावर आलं की लगेच पक्ष बदलायचा नाही, आधी 'कोणाचाच नाही' या स्थितीत जायचं आणि तिथून पुढे जे ऐकू येईल ते धरायचं.

आता हाच नियम अडलेल्या थव्यात घालून पाहा. एकोणपन्नास लालमध्ये एक निळा उगवला की पहिली ढुशी त्यालाच बसणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तुमचा थवा नव्वद टक्क्यांच्या वर एकाच रंगाचा असेल आणि तरीही कोडमध्ये ढुशीचा नियम घातलेला असेल, तर तो तात्पुरता काढा आणि मग पुढे वाचा.

एकट्या रोबोला विचारा

सगळे रोबो उचला. एकच ठेवा, त्याचं ऐकणं कोडमधून बंद करा आणि निळी जागा चांगली ठेवून त्याला सोडा. तो स्वतःहून निळा होतो का? होत नसेल तर संवादाचा इथे काही संबंधच नाही.

न होण्याचं नेहमीचं कारण हार्डवेअरमध्ये नसतं, कोडच्या रचनेत असतं. 'सर्वोत्तम पर्याय निवडा' या प्रकारच्या बऱ्याच प्रोग्रामांत लाल मताचा रोबो लाल जागेवरच पुन्हा पुन्हा जाऊन तिची किंमत जोखतो आणि निळ्या मताचा निळ्या जागेवर. सुरुवातीला दोन्ही मतांचे रोबो असतात तोवर हे छान चालतं. एकदा एकमत झालं की निळ्या जागेकडे फिरकणारं कोणी उरतच नाही. तिथे तुम्ही सोनं ठेवलंत तरी थव्याला कळायची सोय नाही. मग पल्ला, वेग, रोबोंची संख्या यांत काहीही बदला, निकाल तोच.

त्यासाठी एक बारीक बदल पुरतो. रोबो फिरत असताना पायाखाली जी जागा येईल ती जोखू द्या, मग त्याचं मत कुठलंही असो. आणि स्वतः पाहिलेली जागा सध्याच्या मतापेक्षा सरस वाटली तर ठरावीक शक्यतेने ती स्वीकारू द्या. ही शक्यता दर वेळी शंभर टक्के ठेवू नका, सेन्सर एकदा चुकीचं वाचतो आणि रोबो भरकटतो.

रोबो निळ्या जागेपर्यंत पोहोचतोच आहे ना, हेही बघा. किलोबॉट, म्हणजे थव्याच्या प्रयोगांसाठीच बनवलेला छोटा रोबो, सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकतो, तोही दोन कंपन-मोटरींच्या थरथरीवर आणि तीन ताठ पायांवर. कॅलिब्रेशन नीट नसेल तर सरळ जाण्याऐवजी तो गोल गोल फिरतो, आणि गोल फिरणारा रोबो कितीही वेळ दिला तरी आपला कोपरा सोडत नाही. प्रत्येक रोबोची डावं, उजवं आणि सरळ यांची मूल्यं वेगळी असतात. एकाची दुसऱ्यात चिकटवून चालत नाही.

निळे रोबो मुके तर नाहीत?

इथे एक बिघाड आहे जो खऱ्या दुखण्याची हुबेहूब नक्कल करतो, आणि त्यात बरेच जण अडकतात. किलोबॉटच्या लायब्ररीत मेसेज म्हणजे नऊ बाइटचा मजकूर, एक बाइट प्रकार आणि त्यामागे दोन बाइटचा सीआरसी, म्हणजे मजकूर बरोबर पोहोचला का हे ताडायचा आकडा. रोबो सुरू होताना कोड मेसेज तयार करतो, मजकुरात 'लाल' लिहितो, सीआरसी काढतो. पुढे मत बदललं की मजकुरात 'निळा' लिहिलं जातं, पण सीआरसी पुन्हा काढायचं राहून जातं. पाठवणाऱ्याला काही कळत नाही, मेसेज तर जातोय. ऐकणारा मात्र सीआरसी जुळत नाही म्हणून तो मुकाट्याने टाकून देतो.

म्हणजे लाल रोबो बोलके आणि निळे मुके. निळ्याचा दिवा निळा लागलेला दिसतो, तो जीव तोडून ओरडत असतो, पण कोणाच्या कानावर काही जात नाही. थोड्या वेळाने लाल शेजाऱ्याचं ऐकून तो पुन्हा लाल होतो, आणि सुरुवातीचा सीआरसी लालसाठीच काढलेला असल्याने त्याचा आवाज लगेच परत येतो. तपासायला दोन रोबो पुरेत. एकाला जबरदस्तीने लालचा निळा करा आणि दुसऱ्याच्या 'मेसेज आला' या कॉलबॅकमध्ये (मेसेज आला की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) दिवा लुकलुकवा. रंग बदलताच लुकलुक थांबली, तर चोर सापडला.

यानंतर शेजाऱ्यांची यादी. ऐकलेलं मत रोबो साठवून ठेवतो, पण ते कधी ऐकलं होतं याची नोंद ठेवत नाही. मग दहा मिनिटांपूर्वी शेजारून गेलेला लाल रोबो त्याच्या यादीत अजून 'शेजारी' असतो आणि अजून लालच असतो. किलोबॉटचं घड्याळ सेकंदाला साधारण ३२ टिक मोजतं आणि नेहमीच्या सेटिंगला रोबो सेकंदाला दोनदा बोलतो. एखाद्या शेजाऱ्याकडून ६४ टिक काही आलं नाही, म्हणजे सलग चार मेसेज हुकले. त्याचं नाव यादीतून काढा. हॉप, म्हणजे उगमाच्या रोबोपासून मेसेजने किती उड्या घेतल्या ते मोजून अंतराची पायरी काढणाऱ्यांचंही घोडं इथेच अडतं. 'शेजाऱ्यातला सगळ्यात लहान आकडा अधिक एक' हा नियम जुना लहान आकडा धरून ठेवतो, आणि उगम हलला तरी पायऱ्या वर चढत नाहीत.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो: ऐकलेलं मत तसंच्या तसं पुढे पाठवू नका. स्वतःचं मत सांगा, बस. 'मी ऐकलं की तो म्हणाला' अशी साखळी सुरू झाली की सात सेंटीमीटरचा पल्ला सगळ्या रिंगणाएवढा होतो, आणि बाहेरून मोजायला गेलात तर सातच दिसतो.

दिव्याला वेगळं काम द्या

बहुतेक जण दिव्याने मत दाखवतात. एका फेरीपुरतं हे बदला. दिव्याने मत कुठून आलं ते दाखवा: स्वतः पाहून बनवलेलं असेल तर हिरवा, दुसऱ्याचं ऐकून घेतलेलं असेल तर पिवळा. मोबाइल वर टांगून दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ काढा. अडलेल्या थव्यात चित्र असं दिसतं: पिवळ्या गर्दीत एक हिरवा ठिपका उगवतो आणि ऐकण्याची पुढची खिडकी, म्हणजे ऐकायला ठरवून दिलेला वेळ, उघडली की पिवळा होतो. पुन्हा कुठेतरी हिरवा, पुन्हा पिवळा. शोध लागतोय, टिकत नाही. असं दिसलं तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. हिरवे ठिपके उगवतच नसतील तर वर एकट्या रोबोच्या चाचणीकडे परत जा.

सगळे ठिपके एकाच क्षणी रंग बदलत असतील तर दुखणं तिसरंच. सगळ्या रोबोंत यादृच्छिक आकड्यांचं बीज एकच आहे. सगळे एकाच वेळी बोलतात, मेसेज एकमेकांवर आदळतात, मग सगळे एकाच वेळी शांतता ऐकतात. बीज प्रत्येक रोबोच्या आयडीवरून किंवा हार्डवेअरच्या गोंगाटावरून घ्या, प्रश्न मिटला.

खरं दुखणं: फार ऐकू येतं

२०२१ साली 'सायन्स रोबोटिक्स'मध्ये तालामाली, साहा, मार्शल आणि रेइना यांनी नेमकं हेच प्रकरण हाताळलं. काम तेच, बदलत्या परिस्थितीत सध्याची सर्वांत चांगली जागा निवडायची. ऐकायचा नियमही साधाच, एका शेजाऱ्याचं मत उचलायचं, ज्याला व्होटर मॉडेल म्हणतात. गणिती मॉडेल, सिम्युलेशन आणि ५० किलोबॉट यांचा निष्कर्ष एकच निघाला: पल्ला कमी असताना थवा बदलाशी जास्त चांगला जुळवून घेतो. महत्त्वाचं काय, तर दर रोबोमागे जोडण्या किती हे. त्या पल्ला घटवून कमी करा किंवा रिंगणातली दाटी घटवून, परिणाम तोच.

हे उलटं वाटतं, कारण जास्त माहिती म्हणजे चांगला निर्णय ही आपली सवय. पण अडलेल्या थव्यात 'जास्त माहिती' म्हणजे तीच जुनी माहिती एकोणपन्नास तोंडांनी. भरल्या ग्रामसभेत एकाने नवी बातमी आणली तर ती गोंगाटात विरते. तीच पारावर दोघांच्या कानावर घातली तर निदान एक जण तरी जाऊन बघून येतो.

ढोबळ हिशोब करून बघू. पन्नास रोबो, सगळ्यांना सगळे ऐकू येतात, एकोणपन्नास लाल आणि एक नुकताच निळा झालेला. निळी जागा दीडपट चांगली आहे आणि रोबो जागेच्या किमतीच्या प्रमाणात जास्त वेळ बोलतो. निळ्याने स्वतः ऐकायला कान उघडले की त्याला लालच मिळणार, जवळपास शंभर टक्के. तेवढ्या वेळात एकोणपन्नासांपैकी कोणीतरी त्याचं मत उचलेल, सरासरी दीड रोबो. म्हणजे वाढण्याची ताकद दीड आणि विझण्याची एक. अशा शर्यतीत एकट्यापासून सुरू झालेला शोध पूर्ण विझण्याची शक्यता एक भागिले दीड, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश. दर तीन शोधांपैकी दोन वाया. निळी जागा फक्त १० टक्क्यांनी सरस असेल तर अकरातले दहा वाया. आणि नियम 'शेजाऱ्यांचं बहुमत उचला' असा असेल तर एकट्या निळ्याला काही आशाच नाही. सगळ्यांना सगळे ऐकू येत असताना बहुमत कायम लालच. बहुमताचा नियम वापरत असाल आणि परिस्थिती बदलणार असेल, तर पल्ल्याच्या आधी तो नियम बदला.

आता पल्ला आखडू. एका चौरस मीटरच्या रिंगणात ५० किलोबॉट आहेत. सरासरी शेजारी काढायचे तर दर चौरस मीटरचे रोबो गुणिले ३.१४ गुणिले पल्ल्याचा वर्ग, पल्ला मीटरमध्ये. पल्ला २० सेंमी असेल तर सरासरी सहाहून जास्त शेजारी, आणि एखाद्या क्षणी कोणीच ऐकू न येण्याची शक्यता हजारात दोन. पल्ला १० सेंमी, तर सरासरी दीडच्या आसपास शेजारी, आणि कोणीच ऐकू न येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या थोडी वर. ७ सेंमीला शेजारी एकाहून कमी, आणि जवळपास निम्म्या वेळा शांतता.

या शांततेचंच काम आहे. नवा शोध लागलेल्या रोबोला ऐकताना कोणी सापडलं नाही की तो आपलं मत तसंच ठेवतो, पुन्हा फिरतो, पुन्हा जोखतो, आणि वाटेत जो एखादा लाल भेटेल त्याला सांगतो. दोन निळे झाले, मग तीन. शिवाय ऐकीव माहिती कमी झाल्याने स्वतः पाहिलेल्याचं वजन आपोआप वाढतं. हा हिशोब एका क्षणाचा आहे, हे लक्षात असू द्या. ऐकण्याची खिडकी लांबलचक ठेवलीत तर तेवढ्या वेळात रोबो सरकतो, नवे शेजारी गाठ पडतात आणि कमी केलेला पल्ला फुकट जातो. म्हणून पल्ल्याबरोबर खिडकीही आखूड करा.

किती कमी? माझ्या मते सरासरी एक ते दोन शेजारी ही बरी जागा आहे. त्याखाली गेलात तर पहिलं एकमत व्हायलाच इतका वेळ लागतो की बॅटरी आधी संपते.

पल्ला आखडायचा कसा

किलोबॉटवर हे सगळ्यात सोपं. मेसेज आला की लायब्ररी प्रकाशाच्या तीव्रतेवरून पाठवणाऱ्याचं अंतर मिलिमीटरमध्ये अंदाजाने देते. कॉलबॅकच्या पहिल्याच ओळीत अंतर वरच्या हिशोबाने ठरवलेल्या पल्ल्यापेक्षा जास्त असेल तर परत फिरा, बाकी कोडला हात लावायची गरज नाही. फक्त ज्या पृष्ठभागावर रोबो ठेवणार, त्यावरच अंतर पट्टीने मोजून पडताळा. किलोबॉटचा एलईडी खाली तोंड करून असतो आणि प्रकाश जमिनीवरून उसळून शेजाऱ्याकडे जातो, त्यामुळे चकचकीत पांढऱ्या बोर्डावरचा पल्ला आणि खरखरीत प्लायवूडवरचा पल्ला एक नसतो. आपल्याकडे रिंगण बहुतेक वेळा फ्लेक्सवर छापून आणतात. छापलेला आणि कोरा भाग इन्फ्रारेड सारखाच परत पाठवतील याची खात्री नाही. डोळ्याला काळी दिसणारी शाई इन्फ्रारेडला काळीच असते असंही नाही. थवा नेमका एकाच जागेवर अडत असेल तर त्या जागेवरची छपाई बदलून बघा.

टीएसओपी १७३८ लावून स्वतः रोबो बनवणाऱ्यांची अडचण उलटी. हा रिसीव्हर टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेला, खोलीभर पलीकडचं ऐकायला. दोन मीटरच्या रिंगणात भिंतींवरून उसळून सगळ्यांना सगळं ऐकू येतं. एलईडीचा रेझिस्टर वाढवा, एलईडीचं तोंड खाली करा आणि रिसीव्हरच्या डोक्यावर काळ्या टेपची टोपी घाला. पडद्यातून ऊन येत असेल तर या सगळ्या मापांना काही अर्थ नाही, प्रयोग संध्याकाळी करा.

सगळ्यात जास्त तक्रारी ईएसपी-३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि ईएसपी-नाऊ (त्यावरून थेट रेडिओ मेसेज पाठवायची सोय) वापरणाऱ्यांच्या असतात, आणि त्यात नवल नाही. स्वस्त, सोपं, एका ब्रॉडकास्टमध्ये निदान २५० बाइट. पण रेडिओचा पल्ला खोलीपेक्षा मोठा. म्हणजे तुमचा थवा पहिल्या मिनिटापासून 'सगळ्यांना सगळे ऐकू येतात' या अवस्थेत आहे. पाठवण्याची ताकद कमी करता येते. फंक्शनला दिलेला आकडा पाव डीबीएममध्ये (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप) मोजतात, म्हणजे किमान ८ दिले की २ डीबीएम. पण २ डीबीएमलाही खोली भरून जाते. सिग्नलच्या ताकदीवरून अंतर ओळखायचं म्हणाल तर रोबो नुसता वळला तरी आकडा उड्या मारतो. ६० सेंमी आणि २० सेंमी यांत त्यावरून भरवशाने फरक करता येत नाही.

माझा सल्ला असा: वर कॅमेरा टांगलेलाच असतो, प्रत्येक रोबोच्या डोक्यावर अरुको, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारी काळी-पांढरी चौकोनी खूण, चिकटवा. प्रत्येक रोबोला स्वतःची जागा कळवा, रोबो ती आपल्या मेसेजात घालेल, आणि ऐकणारा लांबच्यांचे मेसेज स्वतःच टाकून देईल. 'मग हा विकेंद्रित कसला' असं परीक्षक विचारतील. कॅमेरा फक्त कानाची लांबी ठरवतोय, निर्णय रोबोच घेतायत, हे उत्तर प्रामाणिक आहे आणि पुरेसं आहे. किलोबॉटसाठीही वरून कॅमेऱ्याने आभासी सेन्सर पुरवणारी 'आर्क' ही यंत्रणा याच वाटेने जाते.

आणि हे काहीच जमणार नसेल तर रिंगण मोठं करा. चाळीसचे पंचवीस रोबो करा. दाटी कमी होणं हाही पल्ला कमी करण्याचाच प्रकार आहे आणि त्याला एक ओळही लिहावी लागत नाही. एक मात्र बघा, रोबो भिंतीला जाऊन चिकटतात. सरासरी दाटी कमी दिसते, पण कोपऱ्यात दहा जणांचा घोळका झालेला असतो आणि जुनं मत तिथे घट्ट बसलेलं असतं. भिंत लागली की उलटं वळायचा नियम आधी नीट चालवा.

मुंग्याही अडतात

'निसर्गातून घेतलंय म्हणजे अडणार नाही' असा एक भाबडा समज असतो. १९८९ साली गॉस, डेनुबूर्ग आणि सहकाऱ्यांनी अर्जेंटिना मुंग्यांपुढे पूल ठेवला. आधी फक्त लांबची फांदी, आणि अर्ध्या तासाने तिच्या निम्म्या लांबीची जवळची फांदी जोडली. मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. तिथे फेरोमोनचा थर इतका बसला होता की नवी वाट अधूनमधूनच कोणी घेत होतं. गंध उडून जाण्याचा वेग त्यापुढे कमी पडत होता. लासियस नायजर जातीच्या मुंग्यांचं वेगळं, त्या वाटेत अर्ध्यावरून मागे वळतात आणि त्यामुळे जवळची वाट नंतर आली तरी ती पकडू शकतात.

रोबोंसाठी यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, मताला आयुष्य द्या. मधमाशी आपल्या जागेसाठी दर फेरीला आधीपेक्षा कमी नाचते, जागा कितीही चांगली असली तरी. तसं रोबोनेही जुन्या मोजमापावर बोलण्याचा वेळ दर फेरीला घटवावा आणि शून्यावर आला की पुन्हा जागा जोखून यावं. दोन, मागे वळणारे थोडे ठेवा. पन्नासात दोन-तीन रोबो असे, जे कोणाचं ऐकत नाहीत, नुसते फिरतात आणि पाहिलेलं सांगतात. त्यांची संख्या वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा. हट्टी रोबो दहा झाले की थवा कधीच पूर्ण एकमताला येत नाही, आणि तुम्ही पुन्हा 'फाटलेला थवा' घेऊन बसता.

या दोन्हींतला पहिला उपाय पल्ल्याच्या जोडीला हमखास घाला. दुसरा, पल्ला कमी करूनही हिरवे ठिपके फार क्वचित उगवत असतील तरच.

पल्ला कुठे आखडू नये

परिस्थिती बदलणारच नसेल तर लांब पल्ला बरा, एकमत लवकर होतं. इमर्जन्सी स्टॉप या हिशोबातून पूर्ण बाहेर ठेवा; तो थव्याच्या कानगोष्टींवर सोडायचा नसतो. किलोबॉटना वरून एकदम आज्ञा देणारा कंट्रोलर त्यासाठी आहे, ईएसपीवाल्यांनी वेगळा मेसेज प्रकार ठेवावा, ज्याला अंतराची गाळणी लागू नाही.

काजव्यांसारखं एका ठेक्यात लुकलुकणंही यातच आलं. मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० मध्ये दिलेली सिद्धता सगळे एकमेकांना पाहतात आणि उशीर अजिबात नाही, असं धरून चालते. तुमच्या कोडमध्ये ठेका आणि मत दोन्ही एकाच मेसेजातून जात असतील तर ते वेगळे करा. ठेक्याला लांब पल्ला, मताला आखूड. ठेका नसेल तरी दिसणाऱ्या दिव्याची एक ठरावीक लुकलुक ठेवाच, कारण पल्ला आखडल्यावर एकटा पडलेला गप्प रोबो आणि बॅटरी संपलेला गप्प रोबो बाहेरून सारखेच दिसतात. गप्प रोबो बिघडलेला समजायचा, हा काजव्यांवरूनच घेतलेला विचार क्रिस्टेन्सन, ओ'ग्रेडी आणि डोरिगो यांनी २००९ मध्ये रोबोंवर चालवून दाखवला होता.

सुधारलं हे कशावरून

एका फेरीवर विश्वास ठेवू नका. जागांची किंमत बदलल्याचा क्षण आणि निम्मा थवा नव्या रंगाचा झाल्याचा क्षण, यांतला वेळ हे एकच माप धरा. तोच प्रयोग तीन पल्ल्यांवर करा, प्रत्येक पल्ल्यावर निदान पाच वेळा, आणि आकडे एका आलेखावर मांडा. बॅटरी प्रत्येक फेरीला सारखी भरलेली हवी, नाहीतर संथ झालेल्या मोटरीचं खापर पल्ल्यावर फुटतं. आणि निम्म्या फेऱ्यांत आधी निळी चांगली ठेवून मग लाल करा. रंग ओळखणारे सेन्सर दोन्ही रंगांना सारखे तीक्ष्ण असतीलच असं नाही, आणि लालकडून निळ्याकडे सहज वळणारा थवा निळ्याकडून लालकडे अडत असेल तर ते पल्ल्याचं काम नाही, सेन्सरचं कॅलिब्रेशन करा.